पाणीपट्टी एकदम चढली. नळ बदलून फरक पडेल का?

रोहाऊसवाली
नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याकडे आमचं रो-हाऊस आहे. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मीटर फाटकाजवळ, तिथून पाणी जमिनीखालच्या टाकीत, मग मोटर लावून गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत. एरवी महिन्याला २० युनिटच्या आसपास वापर असायचा. या वेळच्या बिलात महिन्याला ३४ पडतायत! पाहुणे नव्हते, बाग नाही, कुंड्या आहेत चार. स्वयंपाकघरातला नळ थोडा टिपकतो, तेवढंच. एका प्लंबरने सगळे नळ काढून एरेटरवाले (तोंडाशी जाळी असलेले, पाण्यात हवा मिसळून कमी पाणी सोडणारे) बसवा, शॉवरही बदला, असं सांगून १२ हजारांचा आकडा दिलाय. ह्यांच्या मते मीटरच बिघडलाय. सासूबाईंच्या मते मुलं न्हाणीघरातून बाहेरच येत नाहीत. खर्चात पडण्याआधी इथे विचारावं म्हटलं.

कोथरूडकर
एरेटर बसवाच. आम्ही बेसिनला आणि सिंकला लावलेत. आधी लिटरचा जग ५ सेकंदांत भरायचा, आता १० लागतात. म्हणजे मिनिटाला १२ लिटरचे ६ झाले. भांडी घासणाऱ्या मावशी सुरुवातीला कुरकुरल्या, आता सवय झाली.

निळीची_पुडी
फ्लश बघा. टाकीत थोडी नीळ कालवा आणि अर्धा तास कुणाला जाऊ देऊ नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर आतलं रबर गेलं समजा. आवाज येत नाही म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही.

पाना_नंबर_१२
ताई, ते १२ हजार आधी कपाटात ठेवा. मी जीआय पाइपाला सुतळी-सफेदा लावायच्या काळापासून या धंद्यात आहे. बिल चढलं की नळ बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतात. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

हिशेब बघा. १४ युनिट जास्त म्हणजे महिन्याला १४ हजार लिटर, दिवसाला साडेचारशेच्या वर. टिपकणाऱ्या नळाचं हे काम नाही. आणि पाच माणसांना माणशी १३५ लिटर धरले तरी महिन्याला २० युनिटच होतात, म्हणजे तुमचा नेहमीचा वापर अगदी बरोबर होता. मुलांना बोल लावू नका. मीटरचं म्हणाल तर पाणी यायच्या आधी पाइपातली हवा सुटते आणि तिनेही काटा फिरतो, हे खरं आहे. पण हवा तुमच्याकडे पहिल्यापासूनच येत असणार, ती एकाएकी १४ युनिट कशी वाढेल?

पाणी कुठेतरी जातंय. घरात जातंय की खाली, एवढंच शोधायचंय. रात्री सगळे निजले की मोटर बंद करून गच्चीवर जा, टाकीत काठी उभी धरा, ओल जिथवर आली तिथे खूण करा. सकाळी नळ उघडायच्या आधी पुन्हा मोजा. हजार लिटरच्या गोल टाकीचा व्यास साधारण १.१ मीटर असतो, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की साडेनऊ लिटर गेले. घरात गळती असेल तर तुमच्या आकड्याप्रमाणे सहा तासांत १२ सेंटिमीटर उतरायला हवं. तसं झालं तर वर सांगितलेली निळीची युक्ती करा, फ्लशच नव्वद टक्के. आणि उतरलं नाही तर पहाटे पाणी आल्यावर खालच्या टाकीचं झाकण उघडून बघा.

रोहाऊसवाली
काका, सापडलं! काठी जेमतेम दोन सेंटिमीटर उतरली, ते सासूबाई रात्री उठतात त्याचं. मग पाणी आल्यावर ह्यांनी खालचं झाकण उचललं. फ्लोटचा गोळा (टाकी भरली की वर तरंगून येणारं पाणी बंद करतो तो) तरंगायचा सोडून पाण्यात बुडालेला, वरून धार चालूच, आणि टाकी भरून पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपाने सरळ गटारात. गटारावर फरशी आहे, त्यामुळे कधी दिसलंच नाही. गोळा काढून हलवला तर आत पाणी खळखळतंय. शिवणीला केसाएवढी चीर.

आता फक्त गोळा बदलू की पूर्ण वॉल्व? आणि एरेटरचं काय करू?

पाना_नंबर_१२
पूर्ण वॉल्व बदला, पितळी घ्या. जुन्याचा वॉशरही झिजलेला असणार. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओव्हरफ्लोचं तोंड गटारातून काढून अंगणात, येता-जाता दिसेल असं आणा. पुढच्या वेळी बिलाची वाट बघावी लागणार नाही. शिवाय गटारातली घाण, झुरळं त्या वाटेने टाकीत येतात ती वेगळीच.

एरेटर तळमजल्यावर, सिंकला आणि बेसिनला लावा. वरच्या मजल्यावर नको. १० मीटर उंचीला १ बार दाब मिळतो, आणि तुमच्या वरच्या बाथरूमपासून टाकी तीन मीटरही वर नसेल. आधीच धार बारीक, त्यात एरेटर लावला तर मुलं खरंच तासभर आत बसतील. बादलीच्या नळाला तर कुठेच लावू नका. बादलीला लागतं तेवढं पाणी लागणारच, भरायला नुसता वेळ जातो. खाली धार फारच जोरात येत असेल तर बेसिनखालचा अँगल कॉक (पाणी कमी-जास्त करायची छोटी चावी) अर्धा फिरवून ठेवा, पैसा लागत नाही.

फ्लश जुना, एकाच बटणाचा असेल तर टाकीत लिटरची भरलेली बाटली उभी ठेवा. वीट टाकू नका, तिचा भुगा होऊन वॉल्वमध्ये अडकतो. आणि तो टिपकणारा नळ: चावी तीन-चार फेरे फिरवावी लागत असेल तर नुसता वॉशर बदला, पाव फेऱ्यात बंद होणारा असेल तर आतलं स्पिंडल, म्हणजे चावीखालचा फिरणारा भाग. नळ नवा घ्यायची गरज नाही.