मदत हवी आहे : झोपेची गोळी आणि कंबरेची गोळी एकाच रात्री चालते का?

अबोली
लवकर सांगा प्लीज. आईची कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी स्नायू सैल करणारी गोळी दिली. झोपेची ती आधीपासून घेते. काल रात्री दोन्ही एकदम घेतल्या. बाथरूमला उठली ती भिंतीला धरून उभीच, पाय पुढे पडेना. हात धरला तर मलाच विचारते, "कोण गं तू?" सकाळी अकरापर्यंत डोळे उघडत नव्हते. आता बरी आहे. आज द्यायच्या की नाही, एवढंच हवंय. डॉक्टर फोन उचलत नाहीत.

टेकडी
गोळ्यांची नावं? किती एमजी? वय?

जुना_मुसाफिर
ताई, घाबरू नका. मी दोन वर्षं असंच घेतोय. सुरुवातीला गुंगी येते, मग अंगवळणी पडतं.

टेकडी
नावं माहीत नसताना असा धीर देऊ नका हो.

माऊ
आधी गादी बदला. माझी कंबर घट्ट गादीनेच बरी झाली.

अबोली
गादीचं नाही विचारलं मी. वय 71. झोल्पिडेम 10, टिझानिडिन 2. टिझानिडिन कालच सुरू केली.

औषधवाला
दोन्हींची गुंगी एकावर एक चढते. टिझानिडिनने बीपीही उतरतं, म्हणून रात्री उठताना पडायची भीती. आणि या वयात झोल्पिडेम 5 द्यायची असते, 10 नाही. बायकांच्या शरीरात ती सकाळपर्यंत रेंगाळते, म्हणून 2013 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यांचा डोस 5 वर आणला. आणखी काय चालू आहे? बीपीचं, खोकल्याचं, अँटिबायोटिक?

जुना_मुसाफिर
तिकडचे नियम आपल्याला कशाला?

औषधवाला
शरीर सगळीकडे सारखंच चालतं. तुमची गोळी टिझानिडिनच आहे का?

माऊ
त्यापेक्षा अश्वगंधा द्या, झोप छान लागते.

टेकडी
म्हणजे झोप आणणारं तिसरं औषध! नको.

अबोली
बीपीची रोजची आहे. लघवीच्या इन्फेक्शनसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलंय, तीन दिवस झाले. पण त्याचा इथे काय संबंध?

औषधवाला
तोच तर संबंध आहे! टिझानिडिनचा निचरा करणारं लिव्हरमधलं एन्झाइम सिप्रो अडवतं. रक्तातलं प्रमाण दहापटीच्या आसपास जातं. तुम्ही 2 दिली, अंगात 20 दिल्यासारखी झाली. ही जोडी द्यायचीच नसते. आज टिझानिडिन देऊ नका. झोल्पिडेम आणि सिप्रोचं मनाने काही ठरवू नका, ड्यूटीवरच्या कुठल्याही डॉक्टरांना आत्ता विचारा. बीपी बसवून आणि उभं करून मोजा. हाक मारून जागी होत नसेल, श्वास फार संथ वाटला, ओठ निळे दिसले तर सरळ अँब्युलन्स बोलवा, इथे लिहीत बसू नका.

जुना_मुसाफिर
माझी वेगळी निघाली, थायोकोल्चिकोसाइड. मघाशी बघून लिहायला हवं होतं.

अबोली
बसून 108/64, उभी केल्यावर 84/50. अंधारी आली म्हणाली, धरून बसवलं. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांशी बोलले. आज रात्रीच्या दोन्ही गोळ्या नकोत, लगेच घेऊन या म्हणाले. निघतोय. औषधांची यादी करून नेऊ का?

औषधवाला
यादी करत बसू नका. डब्यातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत टाका, बीपीचीही. गाडीत बसवताना हळू उठवा.