शेटलंड बस: सुटकेची वाट म्हणून फसलेला प्रयोग?

हिशेबनीस:
जर्मनव्याप्त नॉर्वेचा विषय निघाला की सगळे शेटलंड बसवर येतात. म्हणजे ब्रिटनच्या शेटलंड बेटांवरून नॉर्वेच्या किनाऱ्यावर चोरून ये-जा करणाऱ्या मच्छीमार बोटी. आकडे मात्र कुणी बघत नाही. १९४१ ते ४५ या काळात त्यांनी ३७३ निर्वासित बाहेर काढले आणि ४४ माणसं गमावली. स्वीडनला जमिनीवरून सुमारे ५० हजार लोक गेले. १९४२च्या नोव्हेंबर अखेरीपासून जानेवारीपर्यंत ‘कार्ल फ्रेडरिकसेन ट्रान्सपोर्ट’ या गुप्त सुटका-जाळ्याने एकट्याने हजाराच्या आसपास माणसं पोचवली, त्यांत बरेच ज्यू. ऑस्लोत माणसं गोळा करायची, ट्रकमध्ये ताडपत्रीखाली दडवायची, तान्ह्या पोरांना झोपेचं औषध द्यायचं, सरहद्दीच्या अलीकडे उतरवून पुढे पायी धाडायचं. बस्स.

उलट बोटीने आलेल्या दोन एजंटांना (ब्रिटनहून पाठवलेल्या गुप्तहेरांना) आसरा दिला म्हणून नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या टेलव्होग गावाचं काय झालं? एप्रिल १९४२मध्ये तिथल्या चकमकीत गेस्टापोचे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचे, दोन अधिकारी मेले. जर्मनांनी सगळं गाव जाळलं, ७२ पुरुष जर्मनीतल्या साक्सेनहाउसेन छळछावणीत नेले. त्यांतले ३१ परतले नाहीत.

दर्यावर्दी:
साफ असहमत. निर्वासित हा परतीच्या फेरीचा माल होता. जाताना काय नेलं ते लिहा की! १९२ एजंट आणि ३८३ टन शस्त्रं नि सामान. हे तटस्थ स्वीडनच्या जंगलातून पाठीवर वाहणार होतात? शिवाय स्वीडनला पोचलेला तरुण तिथेच अडकायचा. स्टॉकहोमहून ब्रिटनला जाणाऱ्या विमानांत जागा मोजक्याच. टेलव्होगचा सूड क्रूर होताच, पण त्याच सूडापोटी नॉर्वेतल्या ट्रांडुमला गोळ्या घातलेले १८ कैदी त्या गावचे नव्हतेच, आधीपासून कैदेत होते. तो दोष बोटींच्या माथी कशाला?

गरमडोकं:
इंजिनाबद्दल कुणीच बोलत नाही. बहुतेक बोटींना सेमी-डिझेल इंजिन. त्याचं डोकं आधी ब्लोलँपने (ज्वाळेच्या दिव्याने) काही मिनिटं तापवावं लागतं, मगच ते पेटतं. म्हणजे फ्योर्डमध्ये (डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीत) गस्तीबोट शिरली तर दोर सोडून लगेच पळणं अशक्य. टक्-टक् आवाज लांबवर जायचा, पण तिथल्या मच्छीमार बोटींचा आवाजही तोच, त्यामुळे तेच सोंग.

खरा घोळ वेगाचा. सात-आठ नॉट्सने पलीकडे पोचायला साधारण एक दिवस लागायचा, म्हणजे वाटेत कुठेतरी उजेड गाठणारच. उन्हाळ्यात तिकडे नीट अंधार पडत नाही, म्हणून फेऱ्या हिवाळ्यात, ऐन वादळात. डेकवर तेलाची पिंपं ठेवून त्यांत मशीनगन लपवायचे. विमानासमोर ते पुरणार थोडंच! मार्च १९४३मध्ये ‘बर्गहोल्म’ विमानांनीच बुडवली. कप्तान लाइफ लार्सन आणि वाचलेले खलाशी वल्ही मारत नॉर्वेच्या किनाऱ्याला लागले.

हिशेबनीस:
म्हणजे माझंच म्हणणं झालं. ऑक्टोबर १९४२मध्ये ‘आर्थर’ बोट टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करायला दोन मानवचालित टॉर्पेडो (माणसांनी वर बसून पाण्याखालून न्यायचे) घेऊन गेली. बोटीखाली बांधलेले ते वादळात सुटले, लार्सनने बोट बुडवली आणि मंडळी चालत स्वीडनला गेली. बसवाल्यांनाही शेवटी वाट तीच!

१९४३च्या शेवटी अमेरिकेने ‘हित्रा’, ‘हेस्सा’, ‘विग्रा’ या वेगवान पाणबुडीविरोधी बोटी दिल्या. शंभरावर फेऱ्या, एकही बोट गेली नाही. आधीचा हिवाळा निव्वळ हट्टापायी गेला.

दर्यावर्दी:
हट्ट कसला? त्या बोटी अमेरिकी नौदलाच्या, मागितल्या की मिळायला बाजारात मांडल्या नव्हत्या. आणि ११० फुटी करड्या बोटीला मच्छीमार कोण समजेल? ती अंधारात येऊन माल उतरवून पळते. आधीच्या बोटी गावच्या धक्क्याला दिवसाढवळ्या थांबू शकत, एजंटाची वाट बघत. अर्थात जर्मनांनी मासेमारीची हद्द आखल्यावर हद्दीबाहेर दिसलेली बोट संशयितच, एवढं मान्य. सोंग चाललं ते किनाऱ्यालगत, खोल समुद्रात नाही.