माईच्या गळ्यातली गाठ (फॅमिली ग्रुप: लष्करवाले, ग्वाल्हेर)

केतकी: आईच्या गाठीतून सुईने पेशी काढल्या होत्या ना, त्या एफएनएसीचा रिपोर्ट आला, इथेच टाकते म्हणजे प्रत्येकाला वेगळा फोन नको. उजव्या बाजूला ३.२ सेंटीमीटरची गाठ, थायरॉइडची रक्ततपासणी (टीएसएच) नॉर्मल, खाली लिहिलंय बेथेस्डा ४. सर्जन म्हणाले उजवीकडचं अर्धं थायरॉइड काढू. आई म्हणते काढायचंच तर गुडघा काढा, गळा राहू द्या

नंदूकाका: वहिनी घाबरू नका. धण्याचं पाणी रोज उपाशीपोटी घ्या, आमच्या वॉकिंगवाल्यांपैकी एकांची गाठ विरघळली म्हणे 🙏

शुभाआत्या: नंदू, धणे आमटीत घाल

मानसी: बाबा प्लीज!! माईकाकू, बोलून टाइप करतेय, आत्ता ओपीडीतून निघाले, चुका सांभाळून घ्या. बेथेस्डा म्हणजे सुईच्या तपासणीचा निकाल लिहायची पद्धत, १ ते ६. २ म्हणजे साधी गाठ, ६ म्हणजे कॅन्सर, आणि ४ म्हणजे मधलंच त्रांगडं. सुईतून पेशी येतात पण गाठीचं आवरण येत नाही, आणि या जातीची गाठ साधी की वाईट हे ठरतं तेच मुळी पेशी आवरण फोडून बाहेर पडल्यात का, रक्तवाहिनीत शिरल्यात का त्यावरून, त्यामुळे अजून दहा वेळा टोचलं तरी उत्तर बहुतेक हेच. अशा शंभर गाठींत साधारण तीसेक कॅन्सर निघतात, बाकीच्या नाही. म्हणून तो भाग अख्खा काढून बायोप्सीला पाठवतात. म्हणजे ऑपरेशन हीच तपासणी, आणि बऱ्याच जणींचा इलाजही तिथेच संपतो

नंदूकाका: ते सुई घालून जाळतात ते? टाका नाही काही नाही

मानसी: आरएफए. ते सुईत साधी ठरलेल्या गाठीला, ते पण बहुतेक ठिकाणी दोनदा तपासून. इथे जाळून टाकली तर बायोप्सीला काय पाठवू, राख?

केतकी: मग एकदाच सगळं काढलं तर? पुन्हा गळा उघडायची वेळ नको

शुभाआत्या: हे मला विचार. माझं २०१६ ला सगळं काढलं, दोन्हीकडे गाठी होत्या, दुसरा रस्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या सुरू झाल्या, मला वाटलं अर्धांगच झालं, सिस्टर म्हणते झोपा. कॅल्शियम पडलं होतं, असं होऊ शकतं हे आधी एका माणसाने सांगितलं नव्हतं, त्याचा राग अजून आहे मला. आणि आता जन्मभर उठल्याबरोबर गोळी, मग चहासाठी घड्याळाकडे बघत बसायचं, रविवारी हे बेडई-जलेबी घेऊन दारात उभे आणि मी मोजतेय किती मिनिटं झाली

मानसी: थायरॉइडच्या मागे चार छोट्या ग्रंथी चिकटलेल्या असतात, मसुराएवढ्या, कॅल्शियम त्या सांभाळतात. अर्धंच काढलं तर दुसरीकडच्या दोघींना हातही लागत नाही. थायरॉइडची गोळीसुद्धा अर्ध्यात बऱ्याच जणींना लागत नाही, काहींना लागते, टीएसएच बघत राहायचं. आणि केतकीताई, कॅन्सर निघालाच तरी ४ सेंटीमीटरच्या आत असेल आणि बाहेर पसरला नसेल तर अर्ध्यावर भागू शकतं, अमेरिकन गाइडलाइनमध्ये २०१५ पासून आहे हे. रक्तवाहिन्यांत बराच शिरलेला निघाला तर मात्र उरलेलं काढावं लागेल, आत्ताच सांगून ठेवते

माई: आवाजाचं बोला

माई: बाकी कळलं

मानसी: तेच लिहीत होते माईकाकू. आवाजाच्या दोन नसा. एक थायरॉइडच्या मागून वर जाते, तिला कायमचा धक्का लागला तर आवाज बसतो, सवयीच्या हाताखाली शंभरात एक-दोन जणांना होतं, तात्पुरता घोगरेपणा त्याहून जास्त जणांना. अर्ध्या ऑपरेशनमध्ये एकाच बाजूच्या नसेजवळ जावं लागतं, हाही फायदा. दुसरी नस वरच्या टोकाला, बारीक, तिची गंमत अशी की ती गेली तर बोलणं ठीकठाक राहतं, घरच्यांना पत्ताही लागत नाही, पण तार सप्तकात आवाज चढत नाही कारण स्वरतंतू ताणणारा स्नायू तिच्यावर चालतो

माई: म्हणजे माझ्या कामाची तीच

मानसी: हो. पुस्तकांत गाली-कुर्ची नावाच्या इटालियन गायिकेची गोष्ट असते, १९३५ ला शिकागोत गलगंडाचं ऑपरेशन झालं आणि या नसेपायी गाणं संपलं अशी. नंतर डॉक्टरांनीच जुने कागद तपासले तर आवाज आधीपासून उतरत होता असं दिसलं. पण त्या गोष्टीमुळे सर्जन लोक ती नस जपायला लागले हे खरं. तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगा, मी गाणं शिकवते. वरची नस शोधता का विचारा, नर्व्ह मॉनिटर आहे का, आणि वर्षाला थायरॉइडची किती ऑपरेशनं करता. एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात वर्षाला २५ च्या वर करणाऱ्यांकडे गुंतागुंत कमी दिसली होती. ऑपरेशनआधी दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या

केतकी: आई हे विचारायला लाजेल

माई: मी? लाजेन?

शुभाआत्या: वहिनी, ओठाच्या आतून पण करतात म्हणे आता, गळ्यावर वण नाही

मानसी: करतात, पण नसेची जोखीम त्याने कमी होत नाही. वण तसाही घडीत लपतो

माई: वण दिसू दे. लोक गळा बघायला येत नाहीत माझ्याकडे

नंदूकाका: दिल्ली की लखनौ? लखनौच्या पीजीआयला एंडोक्राइन सर्जरीचा, म्हणजे थायरॉइडसारख्या ग्रंथींच्या ऑपरेशनचा, वेगळाच विभाग आहे, शताब्दीने दिल्लीही जवळ. मी येतो सोबत, डबा मी बघतो

माई: दोन्हीकडे विचार. तारीख तानसेन समारोहानंतरची घे, मुली बसायच्या आहेत. चालेल ना मानसी?

मानसी: काही आठवड्यांनी फरक नाही पडत. गिळायला त्रास, आवाज बसला किंवा गाठ झपाट्याने वाढली तर मात्र लगेच. आणि एक काम, ऑपरेशनआधीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, मंद्रापासून तार सप्तकापर्यंत. नंतर तुलनेला लागतो

माई: 🎤 व्हॉइस मेसेज ४:१२

नंदूकाका: वहिनी, भूप का?

माई: ३८ वर्षं या घरात ऐकतोयस नंदू. शुद्ध कल्याण आहे