विदर्भात तेल निघालं असतं तर दुबई झाली असती म्हणे!

कापूसकोंड्या
कालच्या त्या पोस्टखालीच लिहिणार होतो पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढला. पोस्ट अशी होती की यवतमाळ-वाशीमच्या काळ्या मातीखाली तेल असतं तर आपल्या पोट्ट्यांना पुण्याला वॉचमनकी करायला जावं लागलं नसतं, इथंच दुबई झाली असती. आणि खाली नुसते अंगठे अन टाळ्या. अरे बाप्पा, तेल निघालेल्या गावांची हालत तरी पाहा आधी!

नायजेरिया घ्या. उत्तरेकडचा कानो हा भुईमुगाचा मुलूख, पोत्यांचे एवढाले ढीग रचत की लोक त्याला पिरॅमिड म्हणत. पश्चिमेला कोको, पूर्वेला पाम. १९५६ ला ओलोईबिरीला तेल लागलं, १९५८ पासून बाहेर जायला लागलं, अन १९७३-७४ मध्ये बॅरलचे भाव तीन डॉलरचे बारा झाले तेव्हा पैशाचा पूर आला. डॉलर मायंदाळ आले की देशाचं चलन महाग होते, मग बाहेरचा तांदूळ-गहू स्वस्त पडते अन आपला भुईमूग बाहेर कोणी विचारत नाही. पोरं वावर सोडून लागोसला पळाली, पिरॅमिड संपले. वर गंमत म्हणजे कच्चं तेल जहाजं भरभरून विकणारा हा देश कित्येक वर्षं स्वतःच्या गाडीतलं पेट्रोल बाहेरून आणत होता, कारण सरकारी रिफायनऱ्या बंद पडलेल्या. आत्ता २०२४ ला कुठं डांगोटे नावाच्या उद्योगपतीच्या खासगी रिफायनरीतून पेट्रोल निघायला लागलं.

व्हेनेझुएलाचं तर बोलूच नका. साठा जगात एक नंबर, ३०० अब्ज बॅरल, आणि महागाई एवढी की नोटेवरचे शून्य २०१८ ला पाच उडवले, २०२१ ला आणखी सहा. पाहिजे का अशी दुबई?

रियाध रिटर्न
भाऊ तुम्ही काऊन निवडून निवडून कंगाल देश घेता? कुवेत नाही दिसला, कतार नाही दिसला? मी सौदीत वेल्डिंग केलं. माह्या बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं त्या तेलाच्या पैशातून झालं. इथं कापूस विकून काय झालं असतं ते मला सांगू नका, मी बोंड वेचतच मोठा झालो. तिथला माणूस तेलावर जगते अन मस्त जगते.

कापूसकोंड्या
दुबई-दुबई करता तर ऐका, दुबईच्या कमाईत आज तेल एक टक्क्याच्या आसपास आहे. तेल खरं अबू धाबीकडं. दुबईवाल्यांनी बंदर बांधलं, जेबेल अली, १९७९ ला, विमानं आणली, व्यापार आणला. तरी २००९ ला कर्जात बुडाले तेव्हा अबू धाबीनं १० अब्ज डॉलर टाकले. अन सौदीचं म्हणता तर २०१४ ला शंभरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या जानेवारीत तीसच्या खाली आलं, तेव्हा बांधकाम कंपन्यांनी पगार थांबवले, आपली हजारो माणसं कॅम्पात उपाशी, शेवटी भारत सरकारनं जेवण पोचवलं. हे तुम्ही पाह्यलं नाही का?

रियाध रिटर्न
पाह्यलं काय, भोगलं. माह्या कंपनीनंही पैसे बुडवले. पण त्यातले बरेच जण परत गेले हो! का गेले? इथं काय होतं? हे नाही सांगणार तुम्ही.

वणीकर
तुमी दोघं नायजेरिया अन सौदीत कायले फिरून राह्यले? आमच्याइकडं या. वणी, राजुरा, भद्रावती. जमिनीखाली कोळसा निघाला ना. काय झालं? खाणीत वावरं गेली, चेक आले, अन दोन वर्षात गावात जिकडं-तिकडं बोलेरो. माह्या सख्ख्या मामानं बोलेरो घेतली, डिझेलले पैसे उरले नाई म्हणून दारात उभी. लग्नात हेलिकॉप्टर सोडून सगळं आणलं. आता तो मामा दुसऱ्याच्या वावरात मजुरी करते. तेल निघो का कोळसा निघो, फुकटचा पैसा टिकत नाई.

धुळीतला माणूस
वणीकर, हे बोलेरो-बोलेरो बंद करा आता. दरवेळी कोणी ना कोणी हीच कॅसेट लावते. आमची पण जमीन गेली. माझ्या बापानं बोलेरो नाही घेतली, दारू नाही प्यायली, चेक घेऊन जमीनच पाहायला निघाला. आणि काय झालं? त्याच्यासारखेच सगळे चेकवाले शेजारच्या तालुक्यात जमीन पाहत हिंडत होते, भाव असे चढले की सहा एकर देऊन दोन एकर आली, ती पण बरड. म्हणजे उडवलं नाही तरी पैसा गेलाच. शहाण्या माणसाचं पण नुकसान होते हे कोणी लिहित नाही, बोलेरोवर सगळे हसतात.

कापूसकोंड्या
धुळीतला माणूस, अहो तुम्ही माझंच तर म्हणणं सांगितलं! पैसा एकदम आला, त्यानं घ्यायचा माल तेवढाच, भाव चढले. नायजेरियात देशभर झालं ते तुमच्याकडं तालुक्यात झालं.

धुळीतला माणूस
माझ्या बापाचं दुःख तुमच्या मुद्द्यात घालू नका.

वणीकर
मामाले नाव ठेवायचा हक्क मले आहे, माह्या घरचा आहे तो. तुमी कोण?

दारव्ह्याचे मास्तर
मंडळी, शांत. सगळे एकच गोष्ट विसरताय. नॉर्वेला १९६९ ला एकोफिस्कचं तेल लागलं. त्यांनी १९९० ला कायदा करून निधी काढला, १९९६ पासून पैसा टाकायला लागले, आणि तोही देशाबाहेर गुंतवला म्हणजे घरात महागाई नको. सरकार दरवर्षी त्या निधीतले साधारण तीन टक्केच वापरतं. दोष तेलाचा नाही, हाताळणीचा आहे.

रियाध रिटर्न
आलं नॉर्वे! वाटच पाहत होतो. मास्तर, पंचावन्न-छप्पन लाख लोक आहेत तिथं. अन तेल लागायच्या आधीच जहाजं होती, मासे होते, वीज होती, शिकलेले कारकून होते. आधीच सुधरलेल्याचं उदाहरण देऊन काय फायदा.

कापूसकोंड्या
मी अन रियाधवाले पहिल्यांदा एकमतात. कोणी तारीख लिहून ठेवा.

सोयाबीनग्रस्त
सौदीचा विषय निघालाच तर एक सांगतो. तेलाच्या पैशावर त्यांनी वाळवंटात गहू पेरला. सरकार जागतिक भावाच्या कितीतरी पट भाव देऊन घेत होतं. त्यामुळं नव्वदीच्या सुरुवातीला सौदी गहू निर्यात करत होता, गहू! म्हणजे भाव दिला की वाळवंटातही पिकते. अन आपल्या इकडं पाणी आहे, माती आहे, तरी सोयाबीनला हमीभाव मागितला की अर्थशास्त्र शिकवतात. तुमच्या सगळ्या चर्चेचं सार हेच आहे की शेतकऱ्याला भाव द्या.

वणीकर
झालं! आला हमीभाव. कापूसकोंड्याभाऊ, धागा गेला तुमचा.

दारव्ह्याचे मास्तर
सोयाबीनग्रस्त, अर्धंच सांगितलंत. तो गहू जमिनीखालच्या हजारो वर्षांच्या पाण्यावर पिकवला, जे परत भरत नाही. पाणी खचलं म्हणून २००८ पासून खरेदी कमी करत करत २०१६ ला बंदच केली. म्हणजे तेल विकून पाणी संपवलं.

सोयाबीनग्रस्त
अन वरुड-मोर्शीत संत्र्यासाठी बोअर हजार फुटावर गेले तिथं कोणतं तेल विकलं हो मास्तर? तिथं तर भाव पण नाही मिळाला अन पाणी पण गेलं. सौदीवाल्यानं निदान भाव तरी खाल्ला.

दारव्ह्याचे मास्तर
हे मात्र खरं आहे. नाइलाजानं मान्य.

कापूसकोंड्या
मास्तर, तुम्ही पण घसरले! मुद्दा तेलाच्या निर्यातीचा होता. एका मालावर सगळा देश टांगला की भाव पडला का सगळंच पडते, २०२० च्या एप्रिलमध्ये तर अमेरिकेत तेलाचा वायदा शून्याच्या खाली गेला होता, घ्या म्हणून वरून पैसे देत होते.

सोयाबीनग्रस्त
एका मालावर टांगणं म्हणता? यवतमाळात कापूस सोडून दुसरं काय आहे ते सांगा. आपण टांगलेलेच आहोत, फक्त त्यांच्या दोरीला डॉलर होते.

रियाध रिटर्न
चला, नायजेरिया नको, मान्य. व्हेनेझुएला तर नकोच. पण कुवेत दिला तर घेतो मी, सांगून ठेवतो.

धुळीतला माणूस
घ्या. जमिनीचा चेक आला की मला फोन करा, शेजारच्या तालुक्यातले भाव सांगतो.