वाई-मेणवलीचे वाडे: दोन दिवसांत काय पाहावे, मोजणी कशी करावी?

झरोका
नमस्कार मंडळी. वास्तुकला शिकणाऱ्या सहा मुलांना डिसेंबरात दोन दिवस वाईला न्यायचे आहे. मेणवली ठरलेलीच आहे. शिवाय गावातल्या एका दुमजली, एकचौकी (मध्ये एकच अंगण असलेल्या) वाड्याचा नकाशा काढायचा आहे, मालकांची परवानगी आहे. गाव कोणत्या क्रमाने पाहावे? आणि मोजणीत मुले हमखास कुठे चुकतात?

कृष्णाकाठ
सुरुवात वाड्यापासून नको, घाटापासून करा. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड या आळ्यांना कृष्णेवर आपापला घाट आहे. घाटावरून आळीत शिरलात की वाड्यांची रांग, बोळ आणि मधली देवळे यांचा संबंध आपोआप कळतो.

गणपती आळीत ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत नदीच्या बाजूने जरूर दाखवा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली बांधलेल्या या देवळाची पाठ माशासारखी निमुळती आहे, म्हणजे पुराचे पाणी दुभंगून बाजूने जाते. नदीकाठी बांधताना काय विचार व्हायचा, ते मुलांना एका नजरेत समजेल. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्ते घराण्यातल्या, त्यामुळे पुण्याचा पैसा आणि कारागिरी वाईला का आली हेही इथेच सांगता येईल.

मेणवली तीनेक किलोमीटरवर, धोमच्या वाटेला. नाना फडणवीसांचा वाडा सहा चौकांचा आहे, पण निम्मा वेळ घाटासाठी राखा. वसईच्या मोहिमेतून (1739) आलेली घंटा वाड्यात नाही, खाली घाटावरच्या देवळापाशी आहे. तिच्यावर 1707 हे साल आहे. वाडा खासगी आहे आणि तिथे चित्रीकरणे होतात, म्हणून आधी विचारून जा.

ओळंबा
मोजणीबद्दल. सहाजणांच्या दोन तुकड्या करा: दोघे टेप धरतील, तिसरा लिहील. लिहिणाऱ्याने टेपला हात लावायचा नाही.

आधी माप न घेता चौक, ओसरी, सोपा, माजघर यांचा हातकच्चा आराखडा काढा आणि प्रत्येक खांबाला क्रमांक द्या. वाडा खणांत बांधलेला असतो, खण साधारण पाच-सहा फुटांचा. खण खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत मोजायचा. मुले दोन खांबांमधली मोकळी जागा मोजतात आणि मग दहा खणांच्या लांबीत चार-पाच फूट कमी भरतात.

सुटी मापे जोडत बसू नका. टेपचे शून्य एका कोपऱ्यावर ठेवून प्रत्येक खांबाचे आकडे सलग वाचा, म्हणजे चूक साठत नाही. चौक काटकोनात आहे असे धरू नका, दोन्ही कर्ण मोजा. भिंतीची जाडी फक्त दारा-खिडकीत मिळते आणि तिथे गिलाव्याची जाडीही मापात येते, हे नोंदवा. पाणसळीसाठी, म्हणजे सगळीकडे एकच पातळी धरायला, पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. उंबऱ्यापाशी एक पातळी ठरवून सगळ्या उंच्या तिथूनच घ्या.

वरच्या मजल्याचे माप वेगळे घ्या. खालचेच उचलून ठेवले तर वरच्या भिंतीची कमी जाडी आणि झुकाव दोन्ही निसटतात. नकाशा 1:100, खांब-महिरपींचे तपशील 1:20. निघण्यापूर्वी बाहेरची एकूण लांबी आणि आतल्या खोल्या अधिक भिंती यांची बेरीज जुळवा. घरी येऊन जुळत नाही असे कळले तर उपयोग नाही.

झरोका
फार उपयोगी, आभार. वाड्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्यात. मूळ काय आणि नंतरचे काय, हे कशावरून ओळखावे?

दगडविटा
छपरापासून बघा. कारखान्याचा शिक्का असलेली मंगलोरी कौले 1860 च्या आधीची असूच शकत नाहीत. पण कौले बदलली म्हणून वाडा नवा ठरत नाही, फक्त छपराची तारीख कळते. तुळईखाली लोखंडी गर्डर दिसला तर तोही पुढचा. लाकडावर वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) खड्डे-खड्डे असतील तर हातकाम, कमानीसारखे ओरखडे असतील तर गोल करवत. जुन्या विटा चपट्या, दोन इंचांहून पातळ.

गिलावा चुन्याचा की सिमेंटचा, हे व्हिनेगरच्या थेंबाने ठरवू नका, फेस दोन्हींवर येतो. सुटलेल्या कडेचा रंग आणि कडकपणा बघा. चित्रे असलेल्या भिंतीला मात्र काहीही लावू नका.

नकाशावर सिमेंटचे पट्टे वेगळ्या रंगात दाखवाच. जमिनीतली ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, ती भिंतीत आणखी वर चढते आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला मिठासारखी फुटते. भिंतीत गाडलेला सागवानी खांब अशा ठिकाणी तळाशी कुजतो. तळखड्याच्या (खांबाखालच्या दगडाच्या) वरचा वीतभर भाग लाकडी हातोडीने हळूच ठोकून बघा. आवाज भद्द आला तर त्या खांबाचा क्रमांक लाल शाईने लिहा आणि मालकांना त्याच दिवशी दाखवा.