लेन्सची रिबन तुटली: दुरुस्त करावी की बदलावी?

सेलूचा फोटोवाला: तुळशीचं लग्न लागलं की हातात 11 ऑर्डर आहेत, अन् ऐन वेळी 24-105 मिमीची झूम लेन्स अडली. एफ/4 वर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं असताना, फोटो येतो; एफ/8 करून ते लहान केलं की एरर. 8 वर्षं वापरली, काच स्वच्छ आहे. मेकॅनिक म्हणतो, ॲपर्चरची, म्हणजे ते छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांची, रिबन (पट्टीसारखी वायर) तुटली. 6,500 रुपये अन् 8 दिवस लागतील. अशीच सेकंडहँड लेन्स 24,000 ला मिळतेय. माझं मन दुरुस्तीकडं आहे. तुम्ही काय कराल?

गोदाकाठ, नांदेड: दुरुस्तच करा. झूम फिरवला की ती पातळ रिबन दरवेळी वाकते अन् शेवटी तिथंच तुटते. एफ/4 ला पात्या पूर्ण उघड्याच असतात, हलायची गरज नसते, म्हणून फोटो येतो. पात्या मिटायचा हुकूम पोचत नाही, एवढंच दुखणं आहे. तोवर काम थांबवू नका. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी असेल तर 24 मिमीला एफ/4 वर 5 मीटरवर फोकस धरा; अडीच मीटरपासून मागचं सगळं चालण्यासारखं स्पष्ट येतं.

लातूरकर: मला अजिबात पटत नाही. अक्षता एकदाच पडतात. रिबनपर्यंत पोचायला काचांचे गट काढावेच लागतात. माझ्या लेन्सचा एक गट बसवताना किंचित कलला, अन् पुढं दोन सीझन डाव्या कडेचे पाहुणे पुसट आले. मेकॅनिक म्हणाला, 'लेन्स चालू तर आहे ना!' गिऱ्हाईकाला मी काय सांगायचं?

गोदाकाठ, नांदेड: अन् सेकंडहँडवाली कुणी उघडली नसेल कशावरून? तिची रिबनही तेवढीच जुनी असणार. 24,000 घालून तुम्ही तेच दुखणं विकत आणताय.

लातूरकर: म्हणूनच म्हणतो, नवी घ्या. जुन्या डीएसएलआर लेन्सचे कंपनीचे पार्ट दिवसेंदिवस मिळेनासे होतायत. बाजारातली रिबन किती टिकेल?

लेणीवाला, संभाजीनगर: मी अजिंठ्यात काम करतो. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी, म्हणून माझी लेन्स कायम उघडीच असते अन् तिचा दोष लगेच दिसतो. माझा हिशोब असा: वायर, रिबन, मोटर गेली तर दुरुस्ती. काचेचं काही असेल तर पैसे घालू नये. एका पावसाळ्यात माझ्या लेन्सला आतून बुरशी लागली. साफ केली, पण बुरशीनं काचेवरचं कोटिंग खाल्लं होतं. उजेडासमोर धरलं की अजून पांढुरकं दिसतं.

सेलूकर दादा, लेन्स देण्याआधी एक करा. भिंतीवर वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीच्या बरोबर समोर लावा, 24 अन् 105 दोन्हीवर एफ/4 ला फोटो घ्या. चारही कोपऱ्यांतली अक्षरं ताडून बघा. दुरुस्तीनंतर पुन्हा तेच करा, म्हणजे मेकॅनिकशी वाद राहत नाही. पावतीवर लेन्सचा नंबर लिहून घ्या, जुनी रिबन परत मागा.

सेलूचा फोटोवाला: काल रात्री पानं चिकटवली. तीन कोपरे ठीक. खाली उजवीकडं मात्र निधनवार्तांची अक्षरं वाचता येईनात, दोन्ही झूमवर. मागं गंगाखेडला लेन्स जीपमधून पडली होती, तेव्हा चालू आहे म्हणून सोडून दिलं होतं. आतापर्यंत एफ/8 च्या लहान छिद्रावर ते झाकलं जात होतं.

मग गेल्या महिन्यातला एफ/4 वरचा साखरपुडा उघडला. प्रत्येक ग्रुप फोटोत उजव्या टोकाला खुर्चीवर बसलेली आजी पुसट. मी तिच्या नातवाला सांगितलं होतं, आजी हलली असेल. आजी हललीच नव्हती.

गोदाकाठ, नांदेड: रिबन टाकली तर एफ/8 वर पुन्हा झाकलं जाईल की.

सेलूचा फोटोवाला: जाईल. पण संध्याकाळच्या मांडवात एफ/8 ला पुरेल एवढा उजेड कुठून आणू, भाऊ? ही लेन्स मी आता दुरुस्तीला उघडत नाही. पहिल्या चार ऑर्डरींना भाड्याची लेन्स सांगितलीय, त्या पैशातून नवीचा पहिला हप्ता भरतो. अन् त्या नातवाला आज फोन करतोय.