ग्रुपमधलं लोकेशन शेअरिंग बंद करायचंय, मित्र रुसणार नाहीत असं कसं करू?

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री
मंडळी, जरा विचित्र प्रश्न आहे. आमचा कॉलेजचा सात जणांचा ग्रुप, बरेचसे पुण्यात, दोघं ठाण्याला. दिवाळीनंतर दोन गाड्या करून गुहागरला गेलो होतो तेव्हा कुंभार्ली घाटात चुकामूक नको म्हणून सगळ्यांनी गूगल मॅप्सवर एकमेकांना लोकेशन शेअर केलं आणि कोणीतरी म्हणालं वेळबीळ टाकू नका, 'बंद करेपर्यंत' ठेवा. ट्रिप संपली, शेअरिंग काही संपलं नाही. आधी मजा वाटायची, कोण कुठे चहा पितोय वगैरे. आता रोजचं झालंय, "काल बाणेरला होतास ना, माझ्यापासून दोन गल्ल्या, वर यायला काय झालं?" परवा एकाचा फोन नाही उचलला, डोकं दुखत होतं, नंतर सांगितलं चार्जिंग संपलं होतं, तर पठ्ठ्याने ग्रुपवर स्क्रीनशॉटच टाकला, माझ्या नावाखाली बॅटरी 64 टक्के! आता बंद करायचंय पण मधे एकाने बंद केलं तर दोन दिवस ग्रुपवर 'कोण रे ती' हेच चालू होतं. बंद केलं की बाकीच्यांना कळतं का?

वायफाय_वाला_बंड्या
64 टक्के वाचून हसलो, सॉरी 😄 बॅटरी किती आहे, चार्जिंगला लावलाय का, हे त्या शेअरिंगसोबतच जातं, बऱ्याच जणांना माहीतच नसतं.
मॅप्स उघड, वर उजवीकडे स्वतःच्या फोटोवर दाब, लोकेशन शेअरिंगमध्ये जा, तिथे सगळ्यांची नावं दिसतील. एकेकाचं वेगळं थांबवता येतं, त्यामुळे ज्याच्याशी जमतं त्याचं राहू दे. त्यांच्या मॅपवरून तुझा गोल फोटो गायब होतो, एवढंच. बघणाऱ्याला कळणार, पण बघत बसणारा तोच आहे ना. आणि पुढच्या ट्रिपला व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन वापरा. 15 मिनिटं, 1 तास नाहीतर 8 तास, कायमचं ऑप्शनच नाही. घाट उतरेपर्यंत 8 तास पुरतात, पुढे आपोआप बंद, कोणी कोणाला काही म्हणायचा प्रश्नच नाही.

जुनाजाणता_७७
हा सगळा प्रकार आमच्या वेळचाच आहे हो. गूगलचं लॅटिट्यूड 2009 ला आलं आणि 2013 ला गुंडाळलं, तेव्हा ऑफिसात आम्ही एकमेकांचे ठिपके बघून खिदळायचो. फेसबुकवर 2010 पासून चेक-इन सुरू झालं, मग पुढे जवळचे मित्र दाखवणारं फीचर आलं, तेही 2022 ला बंद केलं. पण चेक-इन मध्ये एक होतं की मी वैशालीत डोसा खातोय हे मी स्वतः सांगायचो, सांगावंसं वाटलं तर, आणि बऱ्याचदा घरी आल्यावर. आता फोन परस्पर सांगतो. दोन्हीला आपण शेअरिंगच म्हणतो पण माझ्या मते पहिलं गप्पा मारणं होतं आणि दुसरी हजेरी आहे.
इन्स्टाग्रामने 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मॅप आणला तेव्हा पण असाच गोंधळ झाला. लोकांना वाटलं आपलं लोकेशन सगळ्यांना दिसतंय. खरं म्हणजे ते आपण चालू केल्याशिवाय चालू होत नाही, पण पोस्टला स्वतः जागा टॅग केली असेल तर ती पोस्ट मॅपवर दिसते आणि लोक दोन्हीची सरमिसळ करून घाबरले. तेव्हा महाबळेश्वरची स्टोरी टॅग करून टाकताना घराला कुलूप आहे हे लक्षात असू द्या.

सानिका_इन_पीजी
मुलांना हे मजेचं वाटतं, आमच्याकडे जरा वेगळं आहे. मी रात्री कॅब केली की बहिणीला 1 तासाचं लाइव्ह लोकेशन टाकतेच, उतरले की बंद, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या रूममेटचा बॉयफ्रेंड होता, त्याने "सेफ्टीसाठी" म्हणून तिच्या फोनमधून स्वतःला कायमचं शेअरिंग करून ठेवलेलं, तिला हातात फोन घेऊन विचारलं पण नव्हतं. ती लायब्ररीऐवजी सीसीडीत बसली तर पाच मिनिटांत मेसेज. ब्रेकअपनंतर पण ते चालूच होतं, ते आम्ही नंतर बसून शोधलं. म्हणून सगळ्यांनाच सांगते, अधूनमधून बघत जा कोणाकोणाला जातंय ते. मॅप्सचं वर बंड्याने दिलंच आहे, व्हॉट्सॲपला सेटिंग्ज, प्रायव्हसी, लाइव्ह लोकेशन. स्नॅपचॅट असेल तर घोस्ट मोड. एकाच ॲपमध्ये बंद केलं म्हणजे सगळीकडे बंद असं होत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं.
आणि दादा, "कोण रे ती" ला उत्तर द्यायची गरजच काय आहे?

ठाण्याची_काकू
मी दुसरी बाजू सांगते. मुलगा-सून न्यू जर्सीत. मुलाने स्वतःहून कायमचं शेअरिंग करून दिलंय. माझी संध्याकाळची दिवाबत्ती होते तेव्हा त्यांची सकाळ, तो ऑफिसला निघतो, मी एकदा बघते ठिपका सरकतोय का, की झालं. फोन करून 'पोचलास का' विचारायचं नाही, त्याला मीटिंगमध्ये त्रास नाही. बर्फ पडतो तेव्हा तर फार आधार वाटतो. पण मी कधी "शनिवारी एवढा वेळ कुठे होतात" असं विचारत नाही, सुनेला तर मुळीच नाही! दिसतं म्हणून बोलायचंच असं थोडंच आहे. तुमच्या मित्रांना हेच जमत नाहीये असं दिसतंय.

घाटवाटा_भटक्या
थोडं अवांतर पण ट्रेकवाले वाचत असतील तर. लाइव्ह लोकेशन घरच्यांना दिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. फोनला जीपीएस रेंज नसताना पण मिळतं, ते उपग्रहावरून येतं, पण ते पुढे पाठवायला नेट लागतं. हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने गेलात तर रेंजचा भरवसा नाही, आणि घरी आईला तुमचा ठिपका तासन् तास बेलपाड्यातच अडकलेला दिसणार. मग ती एकतर घाबरते नाहीतर समजते पोरं गावात जेवतायत. शेवटचं अपडेट कधीचं आहे ती वेळ बघायला शिकवा घरी. आणि आम्ही काय करतो, निघायच्या आधी पायथ्याचं गाव, कुठल्या वाटेने चढणार, कुठून उतरणार, गावातल्या कोणाकडे गाडी लावलीय त्यांचा नंबर, जमलं तर पोलीस पाटलांचा पण, आणि अमुक वाजेपर्यंत फोन नाही आला तर 112 ला लाव, असा साधा मेसेज टाकून ठेवतो.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री
धन्यवाद सगळ्यांना, काकू तुम्हाला डबल. सानिका म्हणते तसं आत्ता सगळी लिस्ट बघितली, तर गुहागरला ज्याच्या गाडीत होतो त्याचा ऑफिसमधला कोणीतरी पण आहे त्यात, मला त्याचं आडनाव पण माहीत नाही! एवढे महिने त्याला मी रोज कुठे जातो दिसतंय. त्याला आत्ताच काढलं. बाकीच्यांचं रविवारी काढतो, एका मित्राचं ठेवतोय, आम्ही एकत्र बाईकवर फिरतो. ग्रुपवर जाहीर करणार नाही, कोणी विचारलं तर सांगेन, ट्रिपला परत 8 तासांचं टाकू.

वायफाय_वाला_बंड्या
रविवारपर्यंत कशाला थांबतोस, शनिवारी बाणेरला जायचंय का परत? 😄